पुढचा अंक कोण काढणार? नास्तिक लेखकांच्या फिरत्या संकलनाचं यजमानपद

दहा-बारा नास्तिक लिहिती माणसं एका गटात जमली की अंक काढायची टूम निघतेच. उत्साह दोन बैठका टिकतो, मग काम करणार कोण हा प्रश्न उरतो. कायमचा संपादक नेमला तर वर्षभरात एक तर तो दमतो, नाही तर अंक त्याच्या एकट्याच्या आवडीचा होऊन बसतो. यावर सोपा उपाय म्हणजे भिशीसारखी पाळी लावणं. दर वेळी एक जण यजमान. बाकीच्यांनी आपापला एक लेख त्याच्याकडे पाठवायचा. त्यानं सगळे वाचायचे, निवडायचे, प्रत्येकाची ओळख करून देणारे चार शब्द लिहायचे आणि संकलन काढून सगळ्यांपर्यंत पोहोचवायचं. पुढच्या वेळी नंबर दुसऱ्याचा. लेख नवाच हवा असं नाही. कुणाचा जिल्हा दैनिकाच्या पुरवणीत आलेला असतो, कुणाचा दिवाळी अंकात, कुणाचा वहीत पडून असतो. विखुरलेलं एका ठिकाणी वाचायला मिळावं, हाच संकलनाचा हेतू.

एकट्यानं ओढण्याची किंमत मराठीत आपण पाहिलेली आहे. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली सुरू केलेलं, लैंगिक शिक्षण आणि संततिनियमनाला वाहिलेलं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९५३मध्ये ते जाईपर्यंत जवळपास एकहाती चालवलं. अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. १९३४च्या खटल्यात त्यांच्या बाजूनं बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. तशी जिद्द प्रत्येकात नसते आणि प्रत्येक गटाला तिची गरजही नसते. १९९० साली दि. य. देशपांड्यांनी नागपुरात ‘नवा सुधारक’ हा विवेकवादी मासिकाचा प्रयोग सुरू केला, त्याचा पुढे ‘आजचा सुधारक’ झाला, आणि संस्थापकामागेही तो चालत राहिला, कारण धुरा वाहणारे हात बदलत गेले. आपला फिरता अंक त्यापुढे फारच लहान गोष्ट आहे. पण हात बदलत राहण्याचा फायदा त्यालाही मिळतो.

हात वर करण्याआधी

बैठकीत “पुढचा मी काढतो” म्हणण्याआधी गटाच्या समन्वयकाला काही गोष्टी विचारून घ्या. साधारण किती लेख येतात? छापील प्रती काढायच्या की फक्त पीडीएफ? छपाईचे पैसे कुठून येतात? आणि सगळ्यात महत्त्वाचं, कोणता लेख घ्यायचा यात शेवटचा शब्द कुणाचा? तो यजमानाचाच असला पाहिजे. “सगळ्यांना विचारून ठरवू” असं उत्तर आलं तर नम्रपणे नकार द्या. बारा जणांच्या संमतीनं निघणारा अंक निघत नाही.

कामाचा अंदाजही घ्या. पंधराशे शब्दांचे वीस लेख म्हणजे तीस हजार शब्द, आणि प्रत्येक लेख किमान दोनदा वाचायचा आहे. नोकरी सांभाळून हे करायचं तर पुकारा केल्यापासून अंक हातात पडेपर्यंत सहा आठवडे धरा. तीन आठवडे लेख यायला, एक वाचायला, एक दुरुस्त्यांच्या पत्रव्यवहाराला, शेवटचा मांडणी आणि मुद्रितशोधनाला. बँकेत किंवा हिशेबाच्या कामात असाल तर मार्च-एप्रिलची पाळी घेऊ नका. शिक्षक असाल तर पेपर तपासणीचे दिवस टाळा. ऑगस्टची पाळी मात्र कुणी देत असेल तर पटकन घ्या. २० ऑगस्ट हा डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा स्मृतिदिन, त्या सुमारास लोक आपणहून लिहितात.

पुकारा कसा करायचा

पुकाऱ्याचं पत्र जितकं मोघम, तितका पुढचा ताप जास्त. “आपले लेख लवकरात लवकर पाठवावेत” असं लिहिलंत की कविता, फोटो काढून पाठवलेली कात्रणं आणि एखादी एकशेदहा पानी आत्मकथा येते. मी साधारण असं पत्र लिहितो:

“नमस्कार. पुढच्या संकलनाची पाळी माझ्याकडे आहे. तुमचा एक लेख, नवा किंवा गेल्या सहा महिन्यांत कुठे छापून आलेला, १० तारखेच्या रात्रीपर्यंत पाठवा. मर्यादा पंधराशे शब्द. मजकूर युनिकोडमध्ये टाइप केलेला हवा. नुसती पीडीएफ किंवा फोटो नको. सोबत तीन गोष्टी कळवा: कोणत्या नावानं छापायचा, आधी छापला असल्यास कुठे आणि तिथली परवानगी आहे का, छापील प्रत आणि पीडीएफ दोन्हींत चालेल का. एकाचा एकच लेख. घेतला की नाही ते १८ तारखेपर्यंत नक्की कळवीन. विषय खुला आहे; पण घरातल्या कार्यात नास्तिक माणूस नेमकं काय करतो, यावर कुणी लिहिलं तर मला ते हवंच आहे.”

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. विषय बांधून दिला तर अर्धे लोक गप्प बसतात, अगदीच मोकळा सोडला तर गणेशोत्सवात विसर्जन आणि प्रदूषणावर, पितृपक्षात कावळ्यावर आणि एरवी देव नाही हे सिद्ध करणारे लेख येतात. देव नाही हे आपल्या अंकाच्या वाचकाला माहीत आहे. त्याला हवं असतं ते पुढचं: विशेष विवाह कायद्याखाली लग्न करताना तीस दिवसांची नोटीस लागली तेव्हा घरात काय झालं, वडिलांचं देहदान करताना नातेवाइकांना कसं समजावलं, शाळेच्या अर्जावर धर्माच्या रकान्यात काय लिहिलं, सोसायटीच्या सत्यनारायणाची वर्गणी दिली की नाही. असे लेख आपोआप येत नाहीत, मागावे लागतात.

मागावे लागतात ते माणसांकडूनही. नुसता पुकारा केला तर बहुतेक लेख शहरातल्या, नोकरीतून निवृत्त झालेल्या पुरुषांचे येतात. वाईट नसतात, पण एका सुरातले असतात. बायकांना थेट फोन करा. मुस्लिम घरातून बाहेर पडलेल्या कुणाला विचारा. हमीद दलवाईंनी १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, तेव्हापासूनची ती वाट मराठीत आहे. गोव्यातल्या ख्रिस्ती घरातल्या, मराठी लिहिणाऱ्या एखाद्या मैत्रिणीला विचारा. “तुम्ही एकाच धर्मावर का लिहिता?” हा प्रश्न आपल्याला नेहमी येतो. त्यावर धर्मांचं आरक्षण ठेवून हिशेब जुळवण्यात मला अर्थ वाटत नाही. ज्यानं जो धर्म आतून पाहिला त्यानं त्यावर लिहावं. यजमानानं फक्त पाहणारे वेगवेगळे आहेत ना, एवढं बघावं.

कोणाचा लेख पात्र धरायचा, यावर वाद होतो. स्वतःला अज्ञेयवादी, म्हणजे देव आहे की नाही ते कळू शकत नाही असं, म्हणवणारा चालेल का? बौद्ध? अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारा, पण देवाबद्दल मौन पाळणारा? माझा नियम एवढाच की लेखातला युक्तिवाद देवावर किंवा दैवी शक्तीवर टेकलेला नको. लेखक स्वतःला काय म्हणवतो ते त्याच्याकडे.

वाचन: आपल्याच माणसांशी कठोर

या कामात सगळ्यात अवघड काही असेल तर ते हेच. नास्तिक अंकाचा यजमान आपल्या बाजूच्या लेखाला जास्त कडक कसोटी लावणारा हवा. बुवा काहीही बोलला तरी त्याचे भक्त त्याला पुरावा मागत नाहीत. आपण पुरावा मागणारे म्हणून मिरवतो. आपल्या अंकात एक खोटं अवतरण सापडलं तर उरलेल्या पंधरा लेखांचं पाणी होतं.

पहिल्या वाचनात फक्त तीन गठ्ठे करा: घ्यायचे, दुरुस्तीनं घ्यायचे, न घ्यायचे. लेखकाचं नाव झाकून वाचता आलं तर उत्तम. गटातल्या कुणाला तरी नावं काढून फाइली पाठवायला सांगा.

न घेण्याच्या गठ्ठ्यात काय जावं? भाविकांची टिंगल हाच ज्याचा सगळा मजकूर आहे ते. विशेषतः उपास करणारी काकू, बुवाच्या पायावर डोकं ठेवणारी खेड्यातली बाई, असल्या पात्रांवर हसवणारे लेख. त्यांत विचार नसतो, वरून खाली बघणं असतं. “विज्ञानानं सिद्ध केलं आहे” एवढंच सांगून कुणी, कधी, कसं हे न सांगणारे लेखही तिथेच. याच्या उलट, चांगला लेख कसा असतो? प्राचीन विमानांच्या दाव्यावर लिहिणारा एक जण नुसता चेष्टा करतो. दुसरा सांगतो की बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच संशोधकांनी १९७४ साली त्या ‘वैमानिक शास्त्रा’चा अभ्यास प्रसिद्ध केला, ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा निघाला आणि त्यातली वर्णनं उडू शकतील अशा यंत्रांची नाहीत. दुसरा लेख घ्या, भाषा जरा रुक्ष असली तरी.

दुसरं वाचन हातात पेन्सिल घेऊन. प्रत्येक अवतरण, प्रत्येक आकडा, प्रत्येक सालाखाली रेघ मारा आणि लेखकाला मूळ कुठलं ते विचारा. काही ठिकाणं अशी आहेत की तिथे आपले लेखक हमखास घसरतात.

चार्वाक, म्हणजे आपल्याकडचे प्राचीन नास्तिक, हे पहिलं. “ऋणं कृत्वा घृतं पिबेत्” (कर्ज काढून तूप प्यावं) हे वाक्य कौतुकानं किंवा टीकेनं, प्रत्येक तिसऱ्या लेखात असतं. चार्वाकांचा स्वतःचा ग्रंथ आपल्या हाती नाही. त्यांची मतं बरीचशी विरोधकांच्या लेखनातून आपल्यापर्यंत आली. हे वाक्य ज्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’तून सांगितलं जातं तो चौदाव्या शतकातला, वेदान्ती लेखकाचा ग्रंथ. त्याच्या त्याच प्रकरणात सुरुवातीला हाच श्लोक तुपाशिवाय आणि कर्जाशिवाय येतो: जगायचं तोवर सुखानं जगावं, मृत्यूच्या कक्षेबाहेर कुणी नाही. लेखक चार्वाकांचा वारसा सांगत असेल तर त्यानं हे सांगायला हवं. एका वाक्याची भर पुरते.

मार्क्स दुसरा. “धर्म ही अफूची गोळी” सगळ्यांना पाठ असते. १८४४ सालच्या त्याच परिच्छेदात त्यानं धर्माला पिचलेल्या जिवाचा उसासाही म्हटलं आहे, हे फार थोड्यांना. दोन्ही छापा, म्हणजे अर्थ पुरता येतो. आइन्स्टाइनच्या नावावर आस्तिक आणि नास्तिक दोघेही काहीबाही खपवतात. त्याचं १९५४ सालचं एरिक गुटकिंड या तत्त्वज्ञाला लिहिलेलं पत्र खरं आहे आणि त्यात देवाच्या कल्पनेबद्दल त्यानं स्पष्ट लिहिलं आहे. ते घ्या, बाकी साल आणि ठिकाण नसलेली सुभाषितं काढून टाका. भगतसिंग, आंबेडकर, विवेकानंद, बुद्ध यांच्या नावानं चित्रावर छापून फिरणाऱ्या वाक्यांनाही हाच न्याय.

तिसरं ठिकाण जनगणना. “भारतात २९ लाख नास्तिक आहेत” हे वाक्य मी अनेकदा वाचलं आहे. २०११च्या जनगणनेत सुमारे २८.७ लाख लोक ‘धर्म सांगितला नाही’ या रकान्यात आहेत, म्हणजे लोकसंख्येच्या ०.२४ टक्के. धर्म न सांगणाऱ्यात नास्तिक असतील, आळशी असतील, प्रगणकानं विचारलंच नाही असेही असतील. नास्तिक अशी नोंद स्वतः केलेल्यांचा आकडा ३३ हजारांच्या आसपास होता. पहिला आकडा आपल्याला आवडतो म्हणून तो खरा होत नाही. दुसराही अपुरा आहे, कारण घरातल्या कर्त्या माणसानं सगळ्यांचा धर्म एकदम सांगून टाकायची आपल्याकडे रीत आहे. लेखकाला हे सगळं समजावून सांगा. बहुतेक जण आनंदानं बदलतात.

चौथं, २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा. त्याबद्दल दोन्ही टोकांचं चुकीचं लिहिलं जातं. तो देव किंवा पूजा यांना हात लावत नाही. अनुसूचीत नावानिशी दिलेली अघोरी कृत्यं तेवढी गुन्हा आहेत. प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन यांना कायद्यानंच बाजूला ठेवलं आहे. “या कायद्यानं ज्योतिषावर बंदी आली” असं लेखात दिसलं की थांबा.

दाभोलकर, पानसरे, कलबुर्गी, गौरी लंकेश या चार हत्यांवरच्या लेखांना सगळ्यात जास्त वेळ द्या. तारखा आधी तपासा: २० ऑगस्ट २०१३ पुणे, कोल्हापूरचा हल्ला १६ फेब्रुवारी २०१५ला आणि मृत्यू २० तारखेला, ३० ऑगस्ट २०१५ धारवाड, ५ सप्टेंबर २०१७ बंगळुरू. दाभोलकर खटल्यात पुण्याच्या विशेष न्यायालयानं १० मे २०२४ रोजी दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडलं. लेखात त्यापलीकडे कुणाला दोषी म्हटलं असेल तर ते वाक्य सरळ काढा. दुःख आणि संताप खरा असतो, पण न्यायालयानं सोडलेल्या माणसाला खुनी म्हणणारा अंक उद्या वकिलाच्या टेबलावर असेल.

कायद्याची बाजू, घाबरून न जाता

धार्मिक भावना दुखावल्याची तक्रार हा धोका कागदावरचा नाही. जुन्या भारतीय दंडविधानातलं २९५अ कलम १९२७ साली आलं. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेत ते २९९ आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. त्यातले कळीचे शब्द आहेत ‘जाणूनबुजून आणि द्वेषबुद्धीनं’. सर्वोच्च न्यायालयानं १९५७ साली रामजीलाल मोदी खटल्यात हे कलम वैध ठरवलं ते याच शब्दांवर बोट ठेवून: सहज, नकळत किंवा द्वेषबुद्धीशिवाय झालेला अपमान यात येत नाही. खटल्याची दखल न्यायालयानं घेण्याआधी सरकारची मंजुरी लागते. मात्र तक्रार नोंदवायला ती लागत नाही, आणि माणसाचा खरा छळ तिथेच सुरू होतो.

म्हणून व्यवहारात काय करायचं? टीका मताला, ग्रंथाला, प्रथेला, संस्थेच्या कारभाराला असू द्या, कितीही धारदार. श्रद्धास्थानाच्या देहाबद्दल, चारित्र्याबद्दल शिवराळ मजकूर, धर्मसमूहाला सरसकट नावं ठेवणं आणि खिल्ली उडवणारी चित्रं काढून टाका. कायद्याची भीती हे त्यातलं दुय्यम कारण आहे. असा मजकूर काढल्यावर लेख बहुधा सुधारतो. जिवंत व्यक्तीवर, मग तो गावचा देवऋषी का असेना, फसवणुकीचा आरोप असेल तर कागद मागा: तक्रारीची प्रत, निकाल, छापून आलेली बातमी. कागद नसेल तर नाव आणि गाव काढून लेख घ्या. शंका असलेलं पान ओळखीच्या वकिलाला दाखवा, आणि ते छपाईला जाण्याआधी दाखवा.

छापील प्रती विकायचा आणि नियमित काढायचा बेत असेल तर नियतकालिक नोंदणीचा विषय येतो. १८६७चा जुना कायदा जाऊन २०२३चा नवा आला आहे. गटात वाटायच्या मोजक्या प्रतींचा प्रकार वेगळा. तरी समन्वयकानं एकदा नीट सल्ला घेऊन ठेवावा, दर यजमानानं नव्यानं डोकं फोडू नये.

लेखाचे हक्क लेखकाकडेच राहतात. तुम्हाला फक्त एका अंकापुरती परवानगी हवी, आणि ती लेखी. फोनवरचं “छापा की हो” पुरत नाही. जुना मजकूर पुन्हा छापायचा असेल तर लेखक गेल्यानंतर साठ वर्षं हक्क टिकतात हे धरून चाला. आगरकर १८९५ला गेले, त्यांचे निबंध खुले आहेत. कर्व्यांचं लेखन २०१३ संपल्यावर खुलं झालं. दाभोलकरांचं नाही. आणि एक खाचखळगा: भगतसिंगांचा नास्तिकतेवरचा प्रसिद्ध लेख मूळ इंग्रजीत आहे. मूळ खुलं असलं तरी तुमच्या हातातला मराठी अनुवाद दुसऱ्या कुणाचा आहे, आणि त्याचे हक्क त्या अनुवादकाचे.

नाव लपवणाऱ्यांची काळजी

आपल्यात बरेच जण टोपणनावानं लिहितात. कुणाची सासू देवभोळी आणि आजारी, कुणाची नोकरी देवस्थानाच्या शाळेत, कुणाच्या गावात जातपंचायत अजून जागी. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात २०१६चा कायदा आहे, पण कायदा दाखवायची वेळच येऊ नये हे बरं.

नुसतं नाव बदलून माणूस लपत नाही. “आमच्या गावच्या एकमेव माध्यमिक शाळेत मी गणित शिकवते” असं लेखात असेल तर गावाला दुसरं काही सांगावं लागत नाही. असे तपशील स्वतः न बदलता लेखिकेला दाखवा आणि काय बदलायचं ते तिला ठरवू द्या. तिला धोका कुठे आहे ते तिलाच ठाऊक. मग फाइल तपासा. वर्डच्या फाइलीत बनवणाऱ्याचं नाव साठवलेलं असतं, मोबाइलच्या फोटोत जागा आणि वेळ असू शकते, फाइलीचं नावच पुष्कळदा खरं असतं. मजकूर नव्या कोऱ्या फाइलीत चिकटवा, तिची पीडीएफ करा आणि पीडीएफचे गुणधर्म उघडून बघा. खरी नावं आणि टोपणनावं यांची यादी गटात फिरवू नका. ती फक्त यजमानाकडे असावी, आणि अंक निघाल्यावर पुसावी.

दुरुस्ती आणि नकार

शुद्धलेखन तुम्ही न विचारता सुधारू शकता. वाक्य बदलायचं तर विचारा. परिच्छेद काढायचा तर कारण सांगून विचारा. लेखकानं नाही म्हटलं तर लेख आहे तसा घ्या किंवा सोडा. गुपचूप बदल कधीच नको.

नकाराचं पत्र १८ तारखेला म्हणजे १८लाच जायला हवं. कारण एकच द्या, पण खरं द्या: “लेख आवडला, पण यात तीन अवतरणांचं मूळ सापडलं नाही, ते मिळालं तर पुढच्या यजमानाकडे पाठवा, मीही त्यांना सांगून ठेवतो.” “जागेअभावी” हा शब्द नास्तिकांच्या अंकात तरी वापरू नये, समोरच्याला खरं काय ते कळतंच. गटातल्या ज्येष्ठांना नकार द्यायचा असेल तर पत्र नको, फोन करा. पंचाहत्तरीच्या काकांनी चाळीस वर्षं बुवाबाजीविरुद्ध सभा घेतलेल्या असतात आणि लेख तोच पाठवलेला असतो जो ते गेली वीस वर्षं पाठवतात. त्यांना म्हणा, “काका, सभा उधळली गेली तो किस्सा तेवढा लिहून द्या, बाकीचं राहू द्या.” बहुतेक वेळा फार सुंदर तीन पानं येतात.

क्रम आणि ओळख

लेख आले त्या क्रमानं लावले तर तो गठ्ठा होतो, अंक होत नाही. सुरुवातीला अनुभवाचा लेख ठेवा, कारण वाचक माणसाच्या मागे जातो. तात्त्विक, जड लेख दुसऱ्या-तिसऱ्या जागी, वाचक ताजा असताना. एकमेकांशी भांडणारे दोन लेख शेजारी लावा. देवळात जाणाऱ्या आईबरोबर जावं की बाहेर चप्पल सांभाळत थांबावं यावर दोन नास्तिकांची दोन मतं असतील तर यासारखी जोडी नाही. स्वतःचा लेख शक्यतो घेऊ नका. घेतलाच तर शेवटी.

प्रत्येक लेखाआधीच्या दोन-तीन ओळींत यजमान दिसतो. “या लेखात लेखिकेनं श्राद्धाविषयी आपले परखड विचार मांडले आहेत” अशी ओळ कुठल्याही लेखावर चिकटवता येते, म्हणून ती टाका. त्याऐवजी: “वडिलांच्या दहाव्याला भाऊ पिंडापाशी बसला आणि ही स्वयंपाकघरात. कुणी कुणाची समजूत काढली, ते वाचा. शेवटच्या निर्णयाशी मी सहमत नाही.” असहमती नोंदवायला घाबरू नका. यजमानानं सगळ्याला मान डोलावली तर त्याची ओळख वाचायची कशाला? मात्र लेखातला शेवट आधीच फोडू नका आणि लेखकापेक्षा हुशारी दाखवू नका.

तुमचं संपादकीय एक पान पुरे.

मांडणी, छपाई

जुन्या फॉन्टात टाइप केलेले लेख अजून येतात. श्रीलिपी, कृतिदेव यांतून युनिकोडमध्ये नेताना रफार, जोडाक्षरं, अवतरणचिन्हं आणि ‘ऱ्य’ हमखास बिघडतात. त्या लेखांचं मुद्रितशोधन छापील कागदावरच करा. ए-५ आकाराच्या पानावर मराठीचे अडीचशे-पावणेतीनशे शब्द बसतात, त्यावरून पानांचा अंदाज घ्या. मध्ये पिना मारलेली पुस्तिका असेल तर पानं चारच्या पटीत यायला हवीत. उरलेलं पान भरायला सुविचार छापू नका. कोरं सोडा किंवा पुढच्या यजमानाचा पुकारा तिथे द्या. मुखपृष्ठावर कुठल्याही धर्माचं चिन्ह फुली मारून छापण्याचा मोह दर तिसऱ्या यजमानाला होतो. नको.

मुद्रितं दोघांनी वाचावीत, आणि त्यातला एक जण अंकाशी संबंध नसलेला असावा. घरातला आस्तिक माणूस या कामाला फार चांगला. चुका शोधतो, आणि कुठे उगाच लागलं तेही सांगतो.

वाटप आणि पुढच्याच्या हाती

अंक आधी लेखकांना पाठवा, एक दिवस थांबा, मग बाकीच्यांना. त्या एका दिवसात कुणाचं नाव चुकलं, कुणाचा परिच्छेद गळला ते कळतं. छापील प्रतींतल्या दोन-तीन गावातल्या सार्वजनिक वाचनालयाला द्या. ग्रंथपालाला हातात नेऊन द्या, नुसत्या ठेवून येऊ नका. चूक निघालीच तर दुरुस्ती पुढच्या अंकाच्या पहिल्या पानावर, लेखाचं नाव देऊन छापायला सांगा.

आठवडाभरात पुढच्या यजमानाशी बसा. त्याला द्यायचं ते असं: मांडणीची मूळ फाइल आणि फॉन्ट, वाचकांचे पत्ते, छापखान्याचा दर आणि हिशेबाची वही, दुरुस्तीसाठी परत गेलेल्या लेखांची यादी, ज्यांना “पुढच्या वेळी” म्हटलं त्यांची नावं आणि त्यांना नेमकं काय सांगितलं ते. लेखी परवानग्या समन्वयकाकडे जमा करा. टोपणनावांची यादी देऊ नका. त्याला त्याची स्वतःची करू द्या.